प्रत्यक्ष लागलेला वेळ

२ फेब्रुवारी, सोमवार

आज हिला दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता इथे ठेवून उपयोग नाही, घरी तिला बरं वाटेल. किती दिवस, असं मी विचारलं. तीन ते चार आठवडे, म्हणाल्या. मी म्हटलं, तीन की चार? त्यांनी औषधांची यादी माझ्या हातात ठेवली. पण सात दिवसांचा फरक म्हणजे काय थोडा झाला?

पलंग पुढच्या खोलीत खिडकीपाशी लावला. तिथून तिला जिन्यावरून येणारी-जाणारी माणसं दिसतात. पलंग लावून झाल्यावर म्हणाली, "इथून मला सगळ्यांचे पाय दिसतील." म्हटलं, मग दुसरीकडे लावू. म्हणाली, "असू दे, पाय ओळखता येतात मला."

ही वही डेपोतली. निवृत्त होताना तपासणीच्या तीन कोऱ्या वह्या उचलून आणल्या होत्या, चोरी म्हणा हवं तर. दोन हिने वाणसामानाच्या याद्या लिहून संपवल्या. पहिल्या पानावर रकाने आखलेलेच आहेत: मार्ग, अंतर, वेळ, कोणी तपासलं. एकतीस वर्षं मी बसची वेळापत्रकं केली. नवा मार्ग निघाला की आधी स्वतः गाडीत बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत पाच वेळा जायचं, आणि मगच वेळ छापायची. माझ्या हाताखालचे काहीजण नकाशावर दोरा ठेवून अंतर काढायचे, वेगाने भागायचे आणि मोकळे व्हायचे. त्यांचे आकडे नेहमी गोल. चाळीस मिनिटं, एक तास. गोल आकडा म्हणजे कारकून खुर्चीवरून उठला नाही, हे मी लांबून ओळखायचो. उंटावरून शेळ्या हाकू नका म्हणायचो. ड्रायव्हर लोक माझ्यामागे मला मिनिटसाहेब म्हणायचे. मला ते माहीत होतं आणि आवडायचं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. येऊ का, म्हणाला. त्याच्या राहण्याच्या परवान्याचे कागद वीस तारखेला हातात पडायचेत. त्याआधी तो तिथून बाहेर पडला तर परत आत घेणार नाहीत, चार वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. म्हटलं, आत्ता नको. मी सांगतो तेव्हा निघ. तो बरं म्हणाला.

मग कॉम्प्युटरवर बसलो. एक पान सापडलं. इकडच्या विमानतळाचं नाव टाकायचं, तिकडच्याचं टाकायचं, की अंतर आणि वेळ समोर येते. अकरा हजार नऊशे किलोमीटर. चौदा तास. मी भागून पाहिलं. ताशी साडेआठशे, बाकी शून्य. आज दिवसभरात एक गोष्ट तरी नीट झाली म्हणून बरं वाटलं. त्यात विमानतळावर जाणं-येणं आणि तिथलं थांबणं सहा तास धरलं. घर ते घर वीस तास. पूर्वी माणसं शेजारच्या गावाहून यायला दोन दिवस घ्यायची, त्या मानाने वीस तास म्हणजे काहीच नाही.

वहीत पहिल्या ओळीत ते अंतर आणि चौदा तास लिहिले. 'कोणी तपासलं' तेवढं रिकामं ठेवलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

औषधांचं वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलं. सात गोळ्या, दोन पातळ औषधं, एक पट्टी. हिने ते वाचलं आणि म्हणाली, "मला काय डेपोत लावलंय का? मध्ये चहाला थांबा तरी द्या." मी चहाचा थांबा घातला, सव्वाचारला. हसताना तिला धाप लागली.

७ फेब्रुवारी, शनिवार

मेव्हणी आली, हिची धाकटी बहीण. मदतीला आली हे खरंच, तिचे उपकार आहेत. पण तोंडाचा पट्टा असा की भिंतीवरचं वेळापत्रकसुद्धा कंटाळून खाली पडलं. आल्याआल्या विचारलं, "भावोजी, पोराला कळवलंत का?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. वीस तारीख, कागद, वीस तास. म्हटलं, डॉक्टरांनी कमीत कमी तीन आठवडे सांगितलेत, म्हणजे तेवीस तारीख. वीसला कागद मिळाले की त्याच दिवशी निघायचं, एकवीसला घरात. दोन दिवस हाताशी राहतात. याहून चोख काय हवं?

ती म्हणाली, "ताई काय बस आहे का, वेळेवर सुटायला?"

मला राग आला. मी म्हटलं, डेपोत एक नियम आहे. उशिरा सुटलेली गाडी माफ करता येते, वेळेआधी सुटलेली नाही. उशीर झाला तर माणसं कुरकुरतात, पण गाडी त्यांना मिळते. आधी सोडली तर वेळेवर आलेला बिचारा रस्त्यात उभा राहतो. पोराने आधीच निघून आयुष्य वाऱ्यावर सोडायचं आणि ही पुढे सहा आठवडे राहिली तर? मेव्हणी म्हणाली, "सहा राहिली तर चांगलंच आहे ना."

ही आतून सगळं ऐकत होती. मी गेलो तेव्हा डोळे मिटून पडली होती.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी मी हिचे पाय चेपत होतो. पावलं सुजलीत. एकदम म्हणाली, "अहो, चौतीस तास लागतात."

कशाला, म्हटलं.

"त्याला तिकडे पोचायला. घराच्या दारातून निघाला, तिथपासून त्याच्या खोलीवरून फोन आला, तिथपर्यंत. मी मोजलेत. दोन रात्री फोनपाशी खुर्ची टाकून बसले होते."

म्हटलं, अगं, तेव्हाचं वेगळं, चार वर्षं झाली. आता चौदा तास. छापलेलं आहे. ती म्हणाली, "बरं." नव्या पातळ औषधाने गुंगी येते, त्यात माणूस काही तरी बोलतं. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं, मात्रा जास्त होते का.

तो गेला तो दिवस मला नीट आठवत नाही. नवं वेळापत्रक त्याच दिवशी लागू होत होतं, पहाटे चारपासून मी डेपोत होतो. विमानतळावर हीच गेली होती. तो दारात माझ्या पाया पडायला थांबला होता, असं ही नंतर कितीदा तरी म्हणाली. मी आधीच निघालो होतो.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं तिकडे जाणार होतो. पहिल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्या वर्षी म्हटलं थंडी कमी होऊ दे. मग म्हटलं पुढच्या वर्षी. हिने दोन स्वेटर विणून ठेवले होते, एक तिचा, एक माझा. माझा मी इथेच वापरतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. दारात हळू आवाजात म्हणाल्या, "आता आठवडे नाही, दिवस धरा." मी विचारलं, किती. त्या म्हणाल्या, "काका, मी आकडा नाही देऊ शकत. ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा."

मी टेबलाशी बसून परत सगळं मांडलं. दिवस म्हणजे कमीत कमी पाच तरी. वीस तारीख सातव्या दिवशी. आणि समजा मध्येच काही वाटलं, तर सकाळी फोन केला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो इथे. वीस तासांचाच तर प्रश्न आहे. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही.

रात्री जेवायच्या आधी त्याचा फोन आला. आवाज बारीक होता. "बाबा, मी येतो. कागदांचं मी बघतो." मी म्हटलं, सात दिवसांसाठी चार वर्षं फुकट घालवू नको, मी आहे ना इथे, मी सांगतो तेव्हा निघ. तो म्हणाला, आईला द्या.

ही त्याच्याशी बरंच बोलली. जेवतोस ना, खिडकी नीट लागते का, शेजारच्या म्हातारीचं मांजर सापडलं का. तिला तिकडच्या मांजराचीसुद्धा माहिती आहे. शेवटी म्हणाली, "बाबांचं ऐक." आणि फोन माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिलाही माझं पटलं, हे बघून मला जरा धीर आला. मेव्हणी मात्र स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाच जोरात घासत होती.

१५ फेब्रुवारी, रविवार

दोन चमचे दूध. बाकी काही नाही. सव्वाचारचा चहा मी तिच्याजवळ बसून एकट्याने प्यायलो. कपाचा वास घेऊ दे म्हणाली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आठला मी तिचं तोंड पुसत होतो. माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "त्याला बोलवा." मी म्हटलं, शुक्रवारी... तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. चाळिशीला आलेल्या आमच्या संसारात तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मी उठलो आणि फोन लावला.

त्याच्याकडे रविवार रात्रीचे अकरा. पहिल्या घंटीला उचलला. म्हटलं, निघ. तो म्हणाला, "तिकीट बघतो." पाच मिनिटं फोन चालूच होता, नुसती बटणं वाजत होती. मग म्हणाला, "बाबा, उद्या सकाळी अकराला घरातून निघतो. तुमच्याकडे आज रात्रीचे आठ. पोचेन बुधवारी सकाळी सहाच्या सुमाराला."

मी म्हटलं, काही तरी चुकतंय तुझं. रात्री आठ आणि वीस, उद्या दुपारी चार.

"वीस कुठून आले?"

मी त्याला पान वाचून दाखवलं. अकरा हजार नऊशे, चौदा तास.

त्याचा आवाज रागावलेला नव्हता, तोच त्रास जास्त झाला. "बाबा, ते नुसतं अंतर भागिले वेग आहे. सरळ विमान नाहीच त्या रस्त्याने. मध्ये उतरायचं, सहा तास बसायचं, दुसरं धरायचं. घर ते घर चौतीस तास लागतात."

"मला बोलला का नाहीस कधी?"

"तुम्ही वीस धरलेत हे मला कुठे माहीत होतं? मला वाटलं तुम्ही सगळं नीट मोजलं असेल. तुम्ही मोजता ना नेहमी."

फोन ठेवला आणि वही उघडली. चौदा तास. गोल आकडा. अकरा हजार नऊशे, तोही गोल. बाकी शून्य आली म्हणून मी खूश झालो होतो. कुठल्या कारकुनाने असा कागद माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी तो त्याच्या तोंडावर फेकला असता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि घरात एक माणूस होतं जे दोन रात्री जागून मोजून बसलं होतं. तिने मला सांगितलं तेव्हा मी औषधाच्या मात्रेला दोष दिला.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, तुझं बरोबर होतं, चौतीस. ती म्हणाली, "मग निघाला का?" मी म्हटलं, निघतोय. मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

एका पुठ्ठ्यावर त्याचं वेळापत्रक लिहिलं. घर, विमानतळ, पहिलं विमान, मधला थांबा, दुसरं विमान, विमानतळ, घर. हिच्या उशाशी टेकवून ठेवलं. रात्री आठला वाचून दाखवलं, की आता घराला कुलूप लावतोय. "गॅस बंद केला असेल ना?" म्हणाली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हे सगळं आजच लिहून ठेवतो. उद्या माझ्या हातून खोटं लिहिलं जाईल.

सकाळी साडेसातला ही जागी झाली. श्वास वेगळा होता, मध्ये मध्ये थांबून येत होता. मेव्हणी डॉक्टरीणबाईंना फोन करायला जिन्यात गेली. हिने विचारलं, "आता कुठे आहे?" मी पुठ्ठा बघून सांगितलं, समुद्रावर. "खाली बघत असेल," म्हणाली. मग विचारलं, "किती राहिले?"

साडेबावीस राहिले होते. आकडा माझ्या जिभेवर होता. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला तो उच्चारता येईना. म्हटलं, "आलाच. चार तास."

उभ्या आयुष्यात मी कोणाला चुकीची वेळ सांगितली नाही. ड्रायव्हरला नाही, प्रवाशाला नाही, साहेबाला नाही.

"चार ना?" म्हणाली. "चार काढते मी."

आणि तिने काढले. मी डोळ्यांनी पाहिलं. एकेक श्वास ओढून घेत होती, विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा. मध्ये एकदा जिन्यात पावलं वाजली. तिने मान वळवली आणि पायांकडे बघून परत फिरवली. डॉक्टरीणबाई आल्या, इंजेक्शन दिलं, थांबल्या. साडेअकराला हिने डोळे उघडून दाराकडे बघितलं. अकरा चाळीसला गेली. चार तास दहा मिनिटं. दहा मिनिटं जास्तच थांबली.

आता माझ्या डोक्यात एकच चाललंय. मी बावीस सांगितले असते तर तिने बावीस काढले असते का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं नसतं काका, शरीर संपलेलं होतं. त्यांना हिची माहिती नाही. मेव्हणीला मी हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

त्याचं पहिलं विमान बाराला उतरलं. पाऊण तास फोन आला नाही. तेवढा वेळ मी हिच्याजवळ बसून विचार करत होतो. त्याला सांगितलं तर तो परक्या विमानतळावर सहा तास, मग विमानात नऊ तास, अनोळखी माणसांच्या मध्ये बसणार. शेजारी कोणी तरी जेवणाचं झाकण उघडत असेल आणि हा आई गेल्याचं गिळत बसेल. नाही सांगितलं तर त्याच्यापुरती ती आणखी सतरा तास जिवंत राहते. तेवढे तरी तिला मिळू देत, असं मला वाटलं. चूक की बरोबर, माहीत नाही. आजकाल माझे अंदाज काही खरे नाहीत.

बारा पन्नासला फोन वाजला. "बाबा, उतरलो. आई कशी आहे?"

"झोपलीय."

"बोलते का काही?"

"सकाळी बोलली. तू खाली बघत असशील म्हणाली."

तो हसला थोडा. "खिडकी मिळालीच नाही. मधली जागा होती." मग म्हणाला, "सहाचं विमान. आधीचं एक आहे, धावपळ केली तर त्यात जागा मिळेल कदाचित, बघू का?"

मी म्हटलं, "नको. घाई करू नको. काही तरी खाऊन घे. सावकाश ये."

"बरं बाबा," म्हणाला. आणि मग, "तुम्ही जेवलात का?" मी हो म्हटलं. तेही खोटं.

मेव्हणी दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं आता सुनावणार. तिने येऊन माझ्या हातातला फोन घेतला आणि बाजूला ठेवला. गेले दहा दिवस आम्ही भांडत होतो, आज दोघंही एकाच पलंगाच्या दोन कडांवर बसून रडलो.

हिला दवाखान्याच्या थंड खोलीत ठेवायला सांगत होते. मी म्हटलं, पोरगा दारातून आत येईल तेव्हा ती घरातच असायला हवी. बर्फाच्या लाद्या आणवल्या. खिडकीपाशीच आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सहा वाजून पाच मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली. मी खिडकीतून पाहिलं. मळलेले बूट, एकाची नाडी सुटलेली. ओळखले.

मी दार उघडायला गेलो. रात्रभर वाक्य तयार करून ठेवलं होतं, ते आठवेना. त्याने पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माहीत आहे मला."

कोणी सांगितलं, म्हटलं. मावशीने फोन केला का?

"नाही. तुम्हीच सांगितलंत. तुम्ही मला आयुष्यात कधी सावकाश ये म्हणाला नाहीत बाबा. शाळेत जाताना नाही, बाजारात जाताना नाही. तुम्ही सावकाश म्हणालात तेव्हाच कळलं, की आता घाईचं काही उरलं नाही."

म्हणजे ते सतरा तास तिला मिळाले नाहीतच. सहा तास तो तिथल्या खुर्चीवर बसला होता आणि नऊ तास विमानात, मधल्या जागेवर, आणि त्याने मला परत फोन केला नाही. का, असं विचारलं. म्हणाला, "तुम्हाला परत खोटं बोलायला लागलं असतं."

मग तो तिच्याजवळ गेला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात थांबलो. तो आत काय बोलला ते मी ऐकलं नाही, मेव्हणीने नळ सोडून ठेवला होता.

दुपारी सगळं आटोपून घरी आलो. पलंग रिकामा होता. पोरगा पलंगाच्या कडेला बसून भिंतीवरचं औषधांचं वेळापत्रक वाचत होता. सव्वाचारच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे काय?" म्हटलं, चहाचा थांबा, आईने मागून घेतला होता. तो उठला आणि तिघांचा चहा केला. साखर जास्त झाली, तरी तिघांनी तो संपवला. कागदांचं विचारलं तर म्हणाला, बघू. परत तिकडे घेतील की नाही, त्याला माहीत नाही. मलाही नाही. मी आता कोणतीही तारीख सांगणार नाही.

संध्याकाळी त्याला म्हटलं, तुझ्या घरातून निघालास ते इथल्या दारापर्यंत, एकेक टप्पा मला नीट सांग. तो थकला होता, पण सांगितलं. मी लिहून घेतलं. बेरीज चौतीस तास पाच मिनिटं. त्यातली पाच मिनिटं रिक्षावाल्याकडे सुटे नव्हते म्हणून गेली.

पहिल्या पानावरचे चौदा तास खोडले आणि वर चौतीस लिहिलं. शेवटचा रकाना अजून रिकामा होता. स्वतः मार्गावर गेल्याशिवाय मी त्या रकान्यात कधी माझं नाव लिहिलं नाही, आणि या मार्गावर मी कधी गेलोच नाही. 'कोणी तपासलं' या खाली मी हिचं नाव लिहिलं.